डाळिंबाची रोपं घेताना पिशवी फोडून मुळं बघा

दादा, आधी थोडक्यात सांगतो. ती भगवा जातीच्या डाळिंबाची दीड हजार रोपं अजून उचलू नका.

तुम्ही लिहिलंय की काही रोपांच्या पानांवर बारीक ठिपके आहेत आणि दोन पिशव्या फाटल्या तेव्हा मुळांवर गाठी दिसल्या. नर्सरीवाला म्हणतो, एक फवारणी आणि एक ड्रेंचिंग (मुळाशी औषधाचं पाणी ओतणं) मारलं की सगळं साफ. त्यावर इथल्याच एका मित्रानं लिहिलं, "तेल्या तर सगळीकडेच आहे, रोपात असला काय नि नसला काय." तेल्या म्हणजे डाळिंबाच्या पानांवर, फांद्यांवर नि फळांवर डाग पाडणारा जिवाणूचा रोग. माझं भांडण या वाक्याशी आहे.

बाजारात गेलेल्या फळावर डाग असला तर भाव पडतो, फळ खाल्लं जातं, विषय संपतो. रोप आपण खड्ड्यात लावतो, ठिबकनं पाणी देतो, दहा-पंधरा वर्षं सांभाळतो. त्याच्यासोबत आलेला रोगही तेवढीच वर्षं पोसला जातो. म्हणून तर क्वारंटाइनच्या, म्हणजे रोपांसोबत येणाऱ्या रोग-किडी रोखण्याच्या, आंतरराष्ट्रीय नियमांत खास एक गट केलाय: देशात आधीच असलेल्या, पण लागवडीच्या रोपांवर ठराविक मर्यादेपुढे चालणार नाहीत अशा किडी-रोगांचा. सगळीकडे आहे म्हणून सोडून द्या, असं तिथंही कुणी म्हणत नाही.

परदेशातून रोप आणायचं तर केंद्राच्या २००३ च्या आदेशानुसार आयात परवाना लागतो, तिकडचा रोगमुक्तीचा दाखला लागतो, काही पिकांत तर आल्यावरही रोपं वेगळी ठेवून तपासतात. पण नर्सरीतून तुमच्या बांधापर्यंत येणारा टेम्पो कोण अडवणार? किडी-रोगांच्या १९१४ च्या कायद्याखाली देशांतर्गत बंदी मोजक्याच किडी-रोगांना आहे. केळीचा पर्णगुच्छ रोग त्यात आहे, तेल्या नाही. राज्यात फळरोपवाटिकांचा १९६९ चा कायदा आहे, तेव्हा परवाना जरूर मागा. तपासणी मात्र तुम्हालाच करायचीय.

आता गाठींचं. पिशवीतली माती ओली करून मूळ बादलीतल्या पाण्यात हळूहळू हलवत धुवा. झटकू नका, बारीक मुळं तुटतात आणि नेमकं बघायचं तेच मातीत राहतं. निरोगी मूळ दोऱ्यासारखं सरळ दिसतं. सूत्रकृमी (मुळांत शिरणारी, डोळ्यांना न दिसणारी बारीक अळीसारखी कीड) लागलेलं मूळ जागोजागी फुगतं, मण्यांच्या माळेसारखं, आणि ती गाठ नखानं खरवडली तरी सुटत नाही, कारण मूळच सुजलेलं असतं. एकेक मादी शेकडो अंडी घालते. ड्रेंचिंगनं संख्या कमी होते, संपत नाही. शिवाय सूत्रकृमीनं केलेल्या जखमांतून झाड वाळवणाऱ्या मर रोगाच्या बुरशीला आयती वाट मिळते. सूत्रकृमी स्वतःहून फार लांब सरकत नाही, वर्षाला काही फूट. आपल्या रानात ती एवढी पसरली ती पिशव्यांतून, अवजारांना लागलेल्या मातीतून आणि वाहत्या पाण्यातून.

किती रोपं तपासायची? निदान ५९. आकडा विचित्र वाटेल, पण हिशोब सोपा आहे. शंभरात पाच रोपं रोगट असतील, तर ५९ तपासून त्यातलं एकही हाती न लागण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी उरते. शंभरात एकच रोगट असेल तर मात्र तीनशेच्या आसपास बघावी लागतात. आणि रोपं तुम्ही निवडायची. नर्सरीवाला पुढची ओळ दाखवतो, तुम्ही मधली आणि पाणी साचतं त्या कोपऱ्यातली काढा.

पानावरचा ठिपका उन्हाकडे धरून बघा. तेल्याचा असेल तर सुरुवातीला तेल सांडल्यासारखा, पारदर्शक दिसतो, नंतर तपकिरी-काळा पडतो आणि भोवती पिवळी कड येते. पेऱ्यापाशी काळसर चट्टा किंवा चीर असेल तर जास्त घाबरायचं, कारण पान गळून जाईल, चट्टा झाडावरच राहील.

मावा किंवा चार फुलकिडे दिसले म्हणून मी रोपं नाकारत नाही, ते शेतातही आवरता येतात. तेल्याचं लक्षण एका जरी रोपावर दिसलं तरी त्या मातृझाडाची सगळी गुटी (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेली रोपं) नाकारतो. मुळाला गाठ दिसली की अख्खी खेप परत. हे माझे नियम, तुम्हाला कडक वाटतील. मी एकदा ओळखीतल्या बागेतली फुकटची गुटी लावली होती. हिवाळ्यात काढलेली, हिरवीगार. तिसऱ्या वर्षी मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडावर फुलणारं पीक) धरला आणि पावसाच्या झडीत लिंबाएवढी फळं चांदणीसारखी तडकली. मातृबाग पावसाळ्यात जाऊन बघितली असती तर तेव्हाच कळलं असतं. कोरड्या दिवसांत तेल्या लपून राहतो.

टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या रोपांचं, विचारलंय तुम्ही. बाटलीतून येतं तेव्हा रोप स्वच्छ असतं, पण नंतर ते हार्डनिंगला, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय व्हायला, माती-शेणखताच्या पिशवीत जातं. ती माती उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिकखाली चार-सहा आठवडे तापवली होती का, एवढं विचारा. उत्तर देताना माणूस अडखळला तर तिथलीही मुळं धुवून बघा.

इसार दिला असेल तर तो गेला तरी चालेल, पण आधी रोपं तपासा. धुतलेली मुळं पांढऱ्या कापडावर ठेवून जवळून फोटो काढा आणि इथं टाका. पानांचे फोटो पाठवलेत ते पुसट आलेत.