पर्शियन साम्राज्याच्या काळात जेरुसलेमबाहेर राहणारे ज्यू आपला धर्म कसा पाळत होते? त्यांना मंदिर बांधण्याची मुभा होती का?

निदान एका ठिकाणी होती, आणि तेथील ज्यूंची स्वतःची कागदपत्रे उपलब्ध असल्यामुळे मी त्याच ठिकाणाच्या आधारे उत्तर देतो. दक्षिण इजिप्तमध्ये आजच्या आस्वानसमोर, नाईल नदीच्या पात्रात एलिफंटाइन नावाचे बेट आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात तेथे पर्शियन सम्राटाच्या पदरी असलेल्या ज्यू सैनिकांची वसाहत होती आणि वसाहतीच्या मध्यात ‘याहू’चे, म्हणजे ज्यूंच्या एकमेव ईश्वराचे, मंदिर उभे होते. बलिदान केवळ जेरुसलेमच्या मंदिरातच करावे हा धर्मशास्त्रातील नियम या लोकांना ठाऊक नव्हता किंवा तो आपल्याला लागू आहे असे त्यांना वाटत नव्हते. त्यांच्या अरामी भाषेतील पपायरसांत (पपायरस वनस्पतीपासून बनवलेल्या लेखनपत्रांत) करारपत्रे आहेत, पत्रे आहेत, अहिकार या शहाण्या मंत्र्याची कथा आहे, सम्राट दारयुश पहिला याच्या बेहिस्तून शिलालेखाची प्रतही आहे. मात्र तोराचा, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचा, एकही तुकडा त्यांत सापडलेला नाही.

इ.स.पू. 410 मध्ये हे मंदिर पाडण्यात आले. बेटावर खनूम या मेंढ्याचे शिर असलेल्या इजिप्शियन देवाचेही मंदिर होते. इजिप्तचा क्षत्रप (पर्शियन प्रांताधिपती) अर्शाम सम्राटाकडे गेलेला असताना खनूमच्या पुजाऱ्यांनी स्थानिक अधिकारी विद्रंग याला पैसे चारले आणि त्याच्या मुलाच्या हाताखालील सैनिकांनी देवालय जाळून उद्ध्वस्त केले, अशी ज्यूंची तक्रार होती. मेंढ्यांचा बळी खनूमच्या भक्तांना खटकत असावा, असा तर्क अनेक अभ्यासक करतात. तो संभवनीय आहे, परंतु त्याच भागातील भिंत आणि विहीर यांवरून वाद चालू असल्याचेही कागदपत्रांत दिसते, त्यामुळे सगळे कारण धार्मिकच होते असे मानणे मला घाईचे वाटते.

यानंतरची हकिकत तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. यदन्या हा त्यांचा पुढारी आणि त्याच्याबरोबरचे पुरोहित यांनी प्रथम जेरुसलेमचा प्रमुख याजक योहानान याला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. मग इ.स.पू. 407 मध्ये त्यांनी यहुदाचा, म्हणजे जेरुसलेमभोवतीच्या प्रांताचा, पर्शियन राज्यपाल बगोही याच्याकडे अर्ज केला. मंदिराला घडीव दगडांची पाच द्वारे आणि देवदार लाकडाचे छप्पर होते, पर्शियन सम्राट कंबुजीयाने इजिप्त जिंकताना इतर देवळे पाडली तरी या मंदिराला हात लावला नाही, मंदिर पडल्यापासून आपण गोणपाट नेसून उपवास करीत आहोत, तेल आणि मद्य वर्ज्य केले आहे, असे त्यात लिहिलेले आहे; शिवाय परवानगी मिळाल्यास बगोहीच्या नावाने बलिदाने अर्पण करू, असे आश्वासनही आहे. अर्जदारांना राजकारण चांगले कळत होते, कारण हीच माहिती त्यांनी यहुदाच्या उत्तरेकडील शोमरोन प्रांताचा राज्यपाल सनबल्लट याच्या मुलांनाही कळवली होती. बगोही आणि सनबल्लटचा मुलगा दलाया यांनी मिळून अनुकूल निरोप दिला: मंदिर पूर्वीच्या जागी बांधावे, अन्नार्पण आणि धूप चालू ठेवावा. अर्जात मागितलेल्या होमबलीचा (प्राणी जाळून द्यायच्या बळीचा) उल्लेख मात्र निरोपात नव्हता. पुढे याच वसाहतीतील पाच जणांच्या एका अर्जात मेंढा, बैल किंवा बकरा तेथे अर्पण केला जाणार नाही अशी स्पष्ट हमी दिलेली आढळते. जेरुसलेमचा विशेष मान आणि खनूमच्या पुजाऱ्यांचा रोष या दोन्हींची सोय त्यातून झाली असावी.

म्हणून साम्राज्याने धर्मस्वातंत्र्य दिले की नाकारले, अशा सरळ विभागणीत हे प्रकरण बसत नाही. सीमेवरचे ठाणे राखणारे सैनिक साम्राज्याला हवे होते, इजिप्शियन पुजाऱ्यांशी कायमचे वैर मात्र नको होते. इ.स.पू. 419 मधील एका पत्रात तर हनन्या नावाचा ज्यू सम्राटाच्या अर्शामला पाठवलेल्या आदेशाचा हवाला देऊन ज्यूंच्या बेखमीर भाकरीच्या सणाच्या तारखा आणि नियम कळवतो.

घरगुती जीवन आणखी मोकळे होते. मंदिराचा सेवक अनन्या याने इ.स.पू. 449 मध्ये तामेत या इजिप्शियन दासीशी विवाह केला, आणि त्या करारानुसार सभेत उभे राहून काडीमोड जाहीर करण्याचा हक्क पतीप्रमाणे तिलाही होता. देणग्यांच्या एका यादीत याहूच्या बरोबरीने अनतबेथेल आणि एशेमबेथेल या दैवतांसाठीही चांदी बाजूला काढलेली दिसते. एकेश्वरवादाची आपली रूढ कल्पना घेऊन ती यादी वाचणारा गोंधळतोच. तामेतच्या विवाहानंतर चारच वर्षांनी नहेम्या हा ज्यू अधिकारी पर्शियन सम्राटाची परवानगी घेऊन जेरुसलेमला पोहोचला, तेथील तटबंदी त्याने पुन्हा उभी केली आणि परकीय स्त्रियांशी विवाह करणाऱ्यांना कठोर शब्दांत फटकारले. त्याचा अधिकारही त्याच साम्राज्याने दिलेला होता.