थकलेल्या पगाराबद्दल बोलणं हे मंडळीचं काम आहे का?

तुमचा प्रश्न असा: नगरपालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांचे पगार चार महिने थकलेत. त्यातली काही कुटुंबं तुमच्याच मंडळीतली, म्हणजे चर्चमधली. तरुण संघाने निवेदन द्यायचं ठरवलं, तर पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) म्हणाले, बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाचा, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, मंडळीने राजकारणात पडू नये. मग बोलणं विश्वासाविरुद्ध आहे का?

अजिबात नाही. माझ्या मते इथे गप्प बसणं विश्वासाला सोडून होईल.

याकोबाच्या पत्रातलं 5:4 काढा. शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड प्रभूच्या कानी पोहोचली आहे, असं तिथे आहे. लेवीय 19:13 तर मजुराची मजुरी सकाळपर्यंतही स्वतःजवळ ठेवू देत नाही. एक रात्र! इथे चार महिने झालेत.

आणि रोमकरांस पत्र लिहिणारा पौल स्वतः कसा वागला? प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. फिलिप्पैत त्याला आणि सीलाला चौकशी न करता, चारचौघांत छड्या मारून तुरुंगात टाकलं. सकाळी निरोप आला, सोडून द्या. पौल हलायला तयार नाही. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला उघड मारलंत आणि आता गुपचूप घालवता? ज्यांनी मारलं त्यांनी स्वतः यावं. ते आले, विनवण्या करून त्यांना बाहेर घेऊन गेले. अधिकाऱ्याला त्याच्याच कायद्याची आठवण करून देणं पौलाला अधीनतेच्या आड येताना दिसलं नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आईवडील आणि बहीण त्यांनी दुष्काळात गमावली होती, म्हणून 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, निराधार मुली गोळा करून आपल्या आश्रमात आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग. गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत होते, संशयितांना उचलून नेत होते. रमाबाईंनी 1897मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून सरकारी प्लेग इस्पितळातल्या व्यवस्थेवर बोट ठेवलं. तिथे तरुण बायकांच्या अब्रूची हमी नाही, हे त्यांनी नावानिशी छापून दिलं. सरकारने ते झटकून टाकलं. विचार करा, राज्य ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं, वर्तमानपत्र मिशनऱ्यांचं, आश्रमाला मदत येत होती ती इंग्लंड-अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांकडून; आणि धर्मांतरामुळे पुण्यातले बरेच लोक आधीच दुरावलेले. बोलून त्यांच्या पदरात काहीच पडणार नव्हतं. तरी त्या बोलल्या, आणि आपलेच धर्मबांधव म्हणून राज्यकर्त्यांना सूट दिली नाही. माझ्यासाठी त्यांच्या विश्वासाची खरी ओळख तिथे आहे.

किंमत मोजावी लागते हे लपवण्यात अर्थ नाही. झारखंडच्या तुरुंगांत कच्चे कैदी म्हणून खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांसाठी फादर स्टॅन स्वामी हे येशूसंघीय धर्मगुरू उच्च न्यायालयात गेले होते. ऑक्टोबर 2020मध्ये एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली. माओवाद्यांशी संबंध असल्याचे आरोप त्यांनी नाकारले होते. तळोजा तुरुंगात पार्किन्सनमुळे हातात पेला ठरेना, म्हणून सिपर आणि स्ट्रॉसाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021ला वांद्र्याच्या इस्पितळात ते कोठडीतच गेले, वय 84. खटला सुरूही झाला नव्हता.

एक गोष्ट आपल्या घरातलीही बोलायला हवी. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती अनुसूचित जातीत धरले जात नाहीत. 1956मध्ये शीख आले, 1990मध्ये बौद्ध आले, आपण बाहेरच. याविरुद्ध आपण मोर्चे काढतो, ते रास्तच आहे. पण सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण’ हे मंडळीतच विचारलं जातं. बाहेर न्याय मागायचा आणि घरात हे चालू द्यायचं, हे मला पटत नाही. तरुण संघाने या विषयालाही हात घालावा.

आता निवेदनाचं. आधी कामगारांकडे जा, त्यांना काय हवंय ते विचारा. नोकरी त्यांची पणाला लागणार आहे. ज्याला नाव द्यायचं नाही त्याला आग्रह करू नका. किती महिन्यांचा पगार, किती जणांचा, भविष्यनिर्वाह निधी भरला का, एवढं नेमकं लिहा. कंत्राटदाराने पगार बुडवला तर ती जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे नगरपालिकेवर येते, हा मुद्दा सुरुवातीलाच घ्या. पाळकसाहेबांशी वाद वाढवू नका. रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत या कुटुंबांचा विषय घ्याल का, एवढं विचारा. याला ते नाही म्हणतील असं वाटत नाही. निवेदनाची एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना द्या, एक कामगार आयुक्त कार्यालयात, आणि तुमच्याकडच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायला विसरू नका.