जखमीला इस्पितळात पोचवलं, आता पोलीस थान्यातून फोन येतोय

प्रश्न : मी ६४ वर्षांचा, निवृत्त, इंदूरला सुदामा नगरात राहतो. गेल्या आठवड्यात रात्री महूहून परतताना राऊच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक तरुण पडलेला दिसला, शेजारी त्याची मोटारसायकल. ही म्हणाली थांबा, म्हणून थांबलो. १०८ ला फोन केला, गाडीला वेळ लागेल असं कळलं. समोरच्या पेट्रोल पंपावरचा मुलगा धावत आला, दोघांनी मिळून जखमीला मागच्या सीटवर घेतलं आणि जवळच्या खासगी इस्पितळात नेलं. तिथे १० हजार भरल्याशिवाय दाखल करेनात, मी कार्डाने भरले. नाव-नंबर लिहून दिला. मुलगा वाचला, पायाचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी त्याच्या भावाचा फोन : "अंकल, आपने नहीं ठोका तो पैसे क्यों भरे?" तो आता ५० हजार मागतो आहे, नाहीतर रिपोर्ट लिहवतो म्हणतो. थान्यातूनही दोनदा फोन आला, "गाड़ी लेकर आ जाइए, बयान होना है." माझ्या गाडीच्या बंपरला डावीकडे जुना पोचा आहे, सोसायटीच्या खांबाला लागलेला. तो दुरुस्त करून घेऊ का? भाचा म्हणतो सरकारच्या राहवीर योजनेत जखमीला वेळेत इस्पितळात पोचवणाऱ्याला २५ हजार मिळतात, ते मागावेत का? आणि ही म्हणते, यापुढे कुणासाठीही थांबायचं नाही.

उत्तर :

काका, बंपरला हात लावू नका. गॅरेजवाल्याशी बोलणं झालं असेल तर त्याला आजच नको म्हणून कळवा. अपघातानंतर आठवड्याच्या आत बंपर बदललेला दिसला, तर तपास करणारा माणूस एकच अर्थ काढेल आणि मग खरं सांगूनही पटवणं अवघड जाईल. तो पोचा आहे तसा असणं तुमच्याच फायद्याचं आहे. मोटारसायकलला धडक बसली असती तर बंपरवर तिचा रंग, रबराचे काळे ओरखडे, तिच्या भागांच्या उंचीवर खुणा दिसल्या असत्या. सिमेंटच्या खांबाची खूण वेगळी असते. दिवसाउजेडी जवळून आणि लांबून फोटो काढा, जमिनीपासून पोच्यापर्यंत टेप धरून एक फोटो घ्या, त्या खांबाचाही घ्या. शिवाय गाडीच्या गेल्या सर्व्हिसिंगचं जॉब कार्ड शोधा. गाडी आत घेताना सर्व्हिस सेंटरवाले त्यावरच्या गाडीच्या छापील चित्रावर कुठे ओरखडा, कुठे पोचा, अशा खुणा करून तुमची सही घेतात. त्यात डावा बंपर खुणावलेला असेल, तर पोचा अपघाताच्या आधीचा असल्याचा तारखेसकट कागद तुमच्या हातात आला. घरी सापडला नाही तर सेंटरकडून प्रत मागा.

दुसरं काम त्याहून तातडीचं आहे. पंपाच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. थाना प्रभारीच्या नावे साधा अर्ज लिहा की अमुक रात्री अमुक वेळेचं पंपाचं फुटेज तपासासाठी ताबडतोब ताब्यात घ्यावं, आणि दुसऱ्या प्रतीवर पावती घ्या. पावती द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने डीसीपी साहेबांना, ग्रामीण हद्द असेल तर एसपींना. पंपमालकालाही हात जोडून सांगा की रेकॉर्डिंग ठेवा. पंपावरच्या त्या मुलाचं नाव टिपून ठेवा. १०८ ला केलेल्या फोनची वेळ मोबाइलमध्ये आहे, तिचा स्क्रीनशॉट घ्या. वाटेत टोल लागला असेल तर फास्टॅगच्या मेसेजमधली वेळ पण. १० हजारांची पावती आणि कार्डाचा मेसेज जपून ठेवा.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं. अपघातातल्या जखमीला सद्भावनेने, आपणहून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जागेवर मदत करणारा किंवा इस्पितळात पोचवणारा माणूस, म्हणजे कायद्याच्या भाषेत गुड समॅरिटन. मदत करताना त्याच्या हातून काही चूक झाली आणि जखमीला इजा झाली, तरी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याआधी ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं देशभर बंधनकारक केली होती. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६८ आणि १६९ हे नियम आले. त्यांच्यानुसार मदत करणाऱ्याला नाव-पत्ता देण्याची सक्ती नाही आणि जखमीला पोचवल्यावर त्याला थांबवून ठेवता येत नाही. तो स्वखुशीने साक्षीदार झाला, तर त्याचं बयान त्याच्या सोयीच्या ठिकाणी आणि वेळी, शक्यतो साध्या वेशातल्या पोलिसाने, एकाच बैठकीत घ्यायचं. तो शपथपत्र देऊ शकतो आणि तेच पूर्ण बयान समजायचं.

पण एक गोष्ट लपवणार नाही. हे संरक्षण मदत करणाऱ्याला आहे, धडक देणाऱ्याला नाही. तुमच्या गाडीनेच धडक दिली असा आरोप असेल तर "मी गुड समॅरिटन आहे" एवढं म्हणून चालत नाही. त्या रात्री काय घडलं हे आधी ठरावं लागतं, आणि ते ठरतं वर सांगितलेल्या पुराव्यांवरून. म्हणूनच मी आधी बंपर आणि पंपाबद्दल लिहिलं.

या सगळ्यात सर्वांत जड कागद तुमच्या घरात नाही, इस्पितळात आहे. जखमी आला की एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या मेडिको-लीगल केसची, नोंद होते. कुणी आणलं, दुखापत कशी झाली असं सांगितलं, हे त्यात पहिल्याच तासात लिहिलं जातं, पैशाचा विचार कुणाच्या मनात येण्याआधी. मुलगा शुद्धीवर असेल आणि "अज्ञात वाहनाने ठोकलं" किंवा "गाडी घसरली" असं त्याने डॉक्टरांना सांगितलं असेल, तर त्यापुढे भावाचा आठवड्यानंतरचा रिपोर्ट टिकणं कठीण. ही नोंद तुम्हाला मागून मिळेलच असं नाही, पण पोलिसांना मिळते. त्याच अर्जात लिहा की एमएलसी आणि जखमीचं स्वतःचं बयान रेकॉर्डवर घ्यावं.

हा भाऊ असं का वागतोय, तेही समजून घ्या. धडक देणारी गाडी सापडली नाही, तर हिट अँड रन योजनेखाली गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात, मृत्यूला २ लाख. गाडीचा नंबर मिळाला, तर क्लेम कोर्टात विमा कंपनीकडून त्याच्या कितीतरी पट रक्कम मागता येते. त्यामुळे जी गाडी हाताशी आहे तिचा नंबर रिपोर्टात यावा, असा सल्ला कोर्टाच्या आवारात सहज मिळतो. घरातला कमावता मुलगा पाय मोडून पडलेला असताना माणूस असल्या सल्ल्याला बळी पडतो. म्हणून एक सुचवते. एक पैसा न देता त्याला मेसेजवर एवढंच कळवा : तुमच्या भावाला हिट अँड रनच्या ५० हजारांसाठी एसडीएम कार्यालयात अर्ज करता येतो, आणि मे २०२५ पासूनच्या कॅशलेस योजनेत ठरलेल्या इस्पितळांत पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचा उपचार विनामूल्य आहे. हे त्यांचे हक्काचे पैसे आहेत आणि त्यासाठी तुम्हाला गोवायची गरज नाही.

तडजोडीचे ५० हजार मात्र काहीही झालं तरी देऊ नका, पाच हजारसुद्धा नाही. दिलेत की "चूक नव्हती तर दिले का" हा प्रश्न तुमच्या गळ्यात कायमचा पडतो. त्याचे फोन आता घेऊ नका, मेसेजवर बोला म्हणावं. धमकी लिहून आली तर खोट्या रिपोर्टची भीती घालून पैसे मागणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो मेसेज तुमच्या कामाचा.

१० हजारांवरून तुम्ही संकोचला आहात, असं पत्रातून जाणवलं. संकोचू नका. नातेवाईक नसलेल्या मदतनीसाकडून दाखल करण्याचे पैसे मागता येत नाहीत, हे २०१६ च्या निकालात स्पष्ट आहे. आणि पोलिसी कागदांची वाट न पाहता आधी जीव वाचवा, हे तर सर्वोच्च न्यायालयाच्या परमानंद कटारा प्रकरणात १९८९ पासून ठरलेलं आहे. त्या प्रकरणातही एक स्कूटरवालाच होता. जवळच्या इस्पितळाने मेडिको-लीगल केस म्हणून घेतलं नाही, वीस किलोमीटर लांब पाठवलं आणि तो वाटेतच गेला. तुम्ही त्या काउंटरवर नियमावर वाद न घालता कार्ड काढलंत, म्हणून हा मुलगा आज पलंगावर बसून आहे. इस्पितळाची तक्रार जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या (सीएमएचओ) कार्यालयात किंवा सीएम हेल्पलाइन १८१ वर करता येईल. ती नंतर करा, आधी थान्याचं निपटू द्या.

थान्याच्या फोनवर आता. फोनवरच्या बोलावण्यावर गाडी घेऊन जायचं नाही. नम्रपणे सांगा की लेखी नोटीस पाठवा, मी पूर्ण सहकार्य करतो. नोटीस आली की तिच्यावरचं कलम वाचा, सगळं त्यावर आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ असेल तर तुम्ही साक्षीदार. ६० वर्षांवरच्या पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या बाईला साक्षीसाठी घराबाहेर बोलावता येत नाही, पोलिसांनी तुमच्या घरी यायचं. कलम ३५(३) असेल तर ते तुम्हाला संशयित समजताहेत. मग वकिलाला बरोबर घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका, आणि नोटीस टाळूही नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ ची असेल तर गाडी कोण चालवत होतं एवढंच गाडीमालकाला विचारलेलं असतं. खरं उत्तर लेखी द्या. एफआयआर झालाय का आणि कुणाविरुद्ध, हे मध्य प्रदेश पोलिसांच्या पोर्टलवर पाहता येतं.

गाडीच्या तपासणीला नाही म्हणू नका, ती तुमच्या बाजूने बोलेल. जप्त केलीच तर जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मागा. कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करतो अशा लेखी हमीवर, ती परत मिळते. आणि अगदी वाईट झालं, तुमच्याविरुद्ध बेदरकार गाडी चालवल्याची २८१ आणि गंभीर दुखापतीची १२५ ही न्याय संहितेची कलमं लागली, तरी दोन्ही जामीनपात्र आहेत. रात्री झोप उडवून अग्रिम (अटकपूर्व) जामिनासाठी धावायचं कारण नाही. विमा, लायसन्स, पीयूसी त्या तारखेला चालू होतं ना, हे तपासा. एफआयआरमध्ये तुमच्या गाडीचा नंबर दिसला तर विमा कंपनीला लगेच लेखी कळवा.

बयानात किंवा शपथपत्रात पाहिलं तेवढंच लिहा. तुम्ही पोचलात तेव्हा तो पडलेला होता, टक्कर तुम्ही पाहिली नाही. "बहुतेक ट्रकने उडवलं असेल" असला अंदाज एका ओळीतही नको, उलटतपासणीत त्याच ओळीवर बोट ठेवतील.

राहवीर योजनेबद्दल भाचा बरोबर सांगतोय. २०२१ मध्ये ५ हजारांनी सुरू झालेली रक्कम २०२५ मध्ये २५ हजार झाली. अट अशी की अपघात गंभीर हवा, म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, किमान तीन दिवस इस्पितळ, मेंदूची किंवा मणक्याची इजा अशा स्वरूपाचा, आणि जखमी पहिल्या तासात इस्पितळात पोचलेला हवा. पोलीस डॉक्टरांकडून खात्री करून पत्र देतात आणि जिल्ह्याची समिती रक्कम मंजूर करते. सरकारने नंतर दिलेला सन्मान म्हणजे तुम्ही पैशाच्या आशेने थांबलात असं होत नाही, तेव्हा १३४-अ ला त्याने धक्का लागत नाही असं माझं मत आहे. तरी आज अर्ज करू नका. चौकशी तुमच्या बाजूने मिटली की मग अवश्य करा. समितीपुढे जाणारं पोलिसांचं पत्र तुम्हाला मदतनीस म्हणून ओळखतं, आणि मला त्या २५ हजारांपेक्षा त्या पत्राचं मोल जास्त वाटतं.

काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं रागातून नाही, काळजीतून आलंय. अनोळखी जखमीसाठी थांबायलाच हवं असं आपल्या कायद्यात कुणावर बंधन नाही, ते बंधन फक्त अपघातातल्या चालकावर आहे. तरीही त्या रात्री "थांबा" त्याच म्हणाल्या होत्या, आणि मला वाटतं पुन्हाही म्हणतील. तसं झालं तर आधी जागेचा आणि गाडीच्या पुढच्या भागाचा एक फोटो घ्या, मग ११२ वर कळवा, की तुमची वेळ पोलिसांच्या रेकॉर्डवर पहिल्या मिनिटाला चढेल. इस्पितळात नाव द्यायचं की नाही, ही तुमची मर्जी. मी मात्र देऊन एमएलसीत "मदतीसाठी आणलं" असं लिहवून घेईन.

सध्या काकूंचं एक मोठं काम आहे. गाडीत त्या होत्या, म्हणजे तुमच्याखेरीज सगळं पाहिलेली त्याच एक व्यक्ती. त्यांचं शपथपत्र वेगळं करा, त्यांच्याच शब्दांत. तुमच्या शपथपत्राची नक्कल करून खाली सही घेऊ नका. त्यांना गाडी थांबल्याची वेळ आठवत नसेल आणि त्या मुलाच्या पायातली एकच चप्पल आठवत असेल, तर चपलेचंच लिहू द्या.