झाग्रेबच्या पाटीवरचा ‘निकोले तेस्ले’

क्रोएशियाच्या राजधानीला, झाग्रेबला जाऊन आलेल्या एका वाचकाने विचारलंय : ‘तिथल्या रस्त्याच्या पाटीवर “उलित्सा निकोले तेस्ले” असं होतं. निकोला टेस्लाचं नाव चुकवलंय का?’

चुकवलेलं नाही, ती षष्ठी आहे. उलित्सा म्हणजे रस्ता. क्रोएशियनमध्ये सात विभक्ती आहेत आणि त्यांत नाव आणि आडनाव दोन्ही चालतात, म्हणजे विभक्तीप्रमाणे रूप बदलतात. ‘निकोला टेस्लाचा’ म्हणताना आपण शेवटी एकदाच ‘चा’ लावतो. तिथे दोन्ही शब्दांचं रूप बदलतं. गावातले लोक याच रस्त्याला नुसतं ‘तेस्लिना’ म्हणतात. उलित्सा स्त्रीलिंगी, म्हणून ‘टेस्लाची’. आपल्या चा-ची-चे सारखंच की!

पण आडनावाच्या शेवटी व्यंजन आलं की बाईचं आणि पुरुषाचं आडनाव वेगळं वागतं. स्कीपटू भावंडं घ्या, इवित्सा आणि यानित्सा कोस्तेलिच. (2002 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं मिळवणारी ती यानित्सा.) दोन्ही नावं ‘-इत्सा’ने संपतात आणि सारखीच चालतात. भावाचं म्हणायचं तर ‘इवित्से कोस्तेलिचा’, बहिणीचं म्हणायचं तर ‘यानित्से कोस्तेलिच’. भावाला ‘इवित्सि कोस्तेलिचु’, बहिणीला ‘यानित्सि कोस्तेलिच’. बहिणीचं आडनाव जागचं हलत नाही, कारण व्यंजनान्त आडनावाला लागणारे प्रत्यय पुल्लिंगी आहेत. ‘तेस्ला’सारखं आकारान्त आडनाव मात्र बाईचं असलं तरी चालतं. म्हणजे कोस्तेलिच भावाचं की बहिणीचं, हे आडनाव बदललं की नाही यावरून कळतं. मराठीत ते काम क्रियापद करतं : कोस्तेलिच जिंकला, कोस्तेलिच जिंकली. मला हा फरक फार सुंदर वाटतो.

मराठीत लिहिताना आधी प्रथमेचं रूप शोधा आणि मग आपला प्रत्यय लावा. क्रोएशियन बातमीतलं ‘लुके मोद्रिचा’ रोमन लिपीत पाहून ‘ल्यूक मोद्रिचा’ नावाचा भलताच फुटबॉलपटू तयार होऊ शकतो. तो लुका मोद्रिच. आपण लिहायचं ‘लुका मोद्रिचने’, ‘लुका मोद्रिचचा’. ‘मोद्रिच’मधला च ‘चिमणी’तला. ‘यानित्सा’तला त्स म्हणजे ‘चमचा’तला च. हे दोन्ही उच्चार आपल्या जिभेवर आहेत, पण त्यांना अक्षर एकच, म्हणून दुसरा ‘त्स’ असा फोडून लिहिलाय.