६० हजारांत मुलीसाठी गेमिंग पीसी जुळवायचा आहे. ठाण्यातल्या दुकानाने दिलेलं हे कोटेशन घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला कळव्याला, मुलगी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला. तिला व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचं आहे, कॉलेजचं ऑटोकॅड चालवायचं आहे, जमलं तर ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअरही शिकायचं आहे. मॉनिटरसकट ६० हजारांच्या वर जायचं नाही, कीबोर्ड-माऊस घरात आहेत. ठाणे स्टेशनजवळच्या दुकानदाराने लिहून दिलंय ते असं: ‘आय५ १२वी जनरेशन, एच६१० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई, आरटीएक्स ३०५०, आरजीबी गेमिंग कॅबिनेट विथ ५०० वॉट एसएमपीएस, २४ इंची गेमिंग मॉनिटर’. एकूण ५८,५००.

यादी वाईट नाही, पण अर्धवट आहे. आज होकारही देऊ नका, नकारही देऊ नका. प्रत्येक ओळीत कंपनीचं नाव आणि पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा. जिथे मॉडेल लिहिलेलं नाही, तिथे दुकानदाराला हाताशी असेल तो माल घालायची मोकळीक राहते, आणि नंतर भांडायला तुमच्या हातात काही उरत नाही. तुमच्या कोटेशनमध्ये बोर्ड (मदरबोर्ड) सोडला तर बहुतेक प्रत्येक ओळ अशी मोकळी आहे, आणि बोर्डाचीही कंपनी लिहिलेली नाही.

सुरुवात एसएमपीएसपासून, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यापासून करतो, कारण सगळ्यात धोक्याची ओळ तीच. ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ म्हणजे कॅबिनेटबरोबर येणारा बिननावाचा डबा. दुकानात तो हातात घ्या आणि बाजूचं लेबल वाचा. वर ठळक अक्षरांत ५०० वॉट असेल. त्याखाली एक बारीक तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच ओढतात. म्हणून बाकीचे आकडे सोडा, १२ ला त्याच्याखालच्या अँपिअरने गुणा. स्वस्त डब्यांवर तिथे १६ अँपिअर वगैरे दिसतं. बारा सोळे १९२ वॉट! आता मागणी बघा. १२व्या पिढीतला आय५-१२४०० प्रोसेसर पूर्ण जोर लावतो तेव्हा ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो, आरएक्स ६६०० सारखं मधल्या फळीचं कार्ड १३२ वॉटचं. इथेच २४९ झाले, पंखे आणि ड्राइव्ह अजून धरलेच नाहीत. गेम रंगात आला की मशीन धाडकन बंद पडतं ते यामुळे. आणि असा एसएमपीएस जळताना पुष्कळदा एकटा जळत नाही, सोबत बोर्ड किंवा कार्ड घेऊन जातो.

नावाजलेल्या कंपनीच्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली साधारण ४५ अँपिअर लिहिलेले असतात, म्हणजे ५४० वॉट. हा फरक आहे. ८० प्लस ब्राँझचा शिक्का बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. तो शिक्का वीज कितपत वाया जाते एवढंच सांगतो, आतल्या मालाची हमी देत नाही. वॉरंटी किती वर्षांची ते विचारा, पाच वर्षं देणारी कंपनी आपल्या मालावर विश्वास ठेवून असते. कार्डासाठी लागणारी सहा अधिक दोन पिनांची केबल एसएमपीएसमधूनच निघालेली हवी. मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या जोडाला कन्व्हर्टर लावून ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, ती जोडणी तापते आणि वितळते. कॅबिनेट वेगळं, एसएमपीएस वेगळा, अशी दोन ओळींत किंमत मागा.

आता ग्राफिक कार्ड. नुसतं ‘आरटीएक्स ३०५०’ लिहून भागत नाही, कारण या नावाची दोन निराळी कार्डं आहेत. २०२२ साली आलेलं ८ जीबीचं, आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं. तुम्हाला वाटेल फरक फक्त २ जीबी मेमरीचा आहे. तसं नाही. ६ जीबीवाल्यात कोअरही कमी आहेत (२५६० ऐवजी २३०४) आणि मेमरीचा रस्ताही अरुंद आहे, १२८ बिटऐवजी ९६ बिट. ते ७० वॉटवर चालतं, वेगळी केबल लागत नाही, म्हणून ऑफिसच्या जुन्या मशीनमध्ये घालायला ते छान आहे. तुम्ही मात्र नवीन मशीन बांधताय. कोटेशनमध्ये बहुधा हेच ६ जीबीवालं धरलं असणार, एकदा विचारून घ्या.

याच पैशांच्या आसपास एएमडीचं आरएक्स ६६०० मिळत असेल तर गेमसाठी मी डोळे झाकून ते घेईन. ८ जीबी मेमरी आहे आणि १०८०पी, म्हणजे फुल एचडी स्क्रीनवर ते दोन्ही ३०५० पेक्षा स्पष्टपणे पुढे आहे. अडचण एकच, ब्लेंडर. तिथे एनव्हिडियाच्या कार्डांना (आरटीएक्स त्यांचीच) ऑप्टिक्स या रेंडर वेगाने करणाऱ्या तंत्राचा फायदा मिळतो. एएमडीवरही ब्लेंडर चालतं, शिकण्यासाठी अडत नाही, पण रेंडरला, म्हणजे अंतिम चित्र तयार व्हायला, वेळ जास्त लागतो. मुलगी खरंच ॲनिमेशनच्या वाटेने जाणार असेल तर ८ जीबीवालं ३०५० घ्या किंवा चार पैसे जमवून आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० पर्यंत जा. ‘जमलं तर ब्लेंडर’ एवढीच गोष्ट असेल तर ६६००. हा निर्णय तिच्याशी बोलूनच घ्या, कारण मशीनच्या पैशातला सगळ्यात मोठा वाटा इथेच जाणार आहे आणि जायलाही हवा.

प्रोसेसरच्या ओळीत ‘१२वी जनरेशन’ म्हणजे बहुधा आय५-१२४००एफ. सहा कोअर, बारा थ्रेड, या बजेटला उत्तम. रायझन ५ ५६०० सुद्धा त्याच तोडीचा आहे आणि गेमिंगवाले बहुतेक जण तुम्हाला या दोनांपैकी एक सुचवतील. मी तुमच्या बाबतीत एफ नसलेला, साधा आय५-१२४०० घ्या म्हणेन, जरी त्याला थोडे पैसे जास्त पडले तरी. एफ अक्षर म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक नाही, आणि रायझन ५ ५६०० मध्येही ते नाही. उद्या ग्राफिक कार्ड बिघडलं तर ते वॉरंटीत जातं आणि परत यायला काही आठवडे लागू शकतात. तेवढे दिवस एफवाल्या मशीनवर स्क्रीनच येणार नाही. सबमिशनच्या तोंडावर असं झालं तर पोरीने काय करायचं? साध्या १२४०० वर केबल बोर्डाच्या पोर्टला लावायची आणि कॉलेजचं काम चालू ठेवायचं. जो फक्त खेळतो त्याने एफ घ्यावा, जिचा अभ्यासही त्याच मशीनवर आहे तिने घेऊ नये.

एच६१० बोर्डाला कमी लेखू नका. १२४०० ओव्हरक्लॉक होतच नाही, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येत नाही, तेव्हा महागड्या बोर्डावर पैसे घालवून हाती काही लागत नाही. फक्त तो डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा (या रॅमच्या दोन पिढ्या) हे लिहून घ्या. दोन्ही प्रकारचे एच६१० बाजारात आहेत, आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते.

रॅमबद्दल दोन गोष्टी. २०२५ च्या शेवटापासून मेमरीचे भाव भडकलेत. एआयच्या डेटा सेंटरकडे चिप वळल्यामुळे आपल्याकडच्या साध्या रॅमलाही झळ बसली, एसएसडीलाही बसते आहे. म्हणून जुनं कोटेशन धरून बसू नका, ज्या दिवशी घ्याल त्या दिवसाचा भाव विचारा. दुसरं, १६ जीबी म्हणजे एक काडी की आठ-आठच्या दोन? दोन घ्या. डीडीआर४ ३२०० ची एक काडी सेकंदाला २५.६ जीबी डेटा नेते, दोन काड्यांमुळे दोन चॅनेल (डेटाचे रस्ते) चालू झाले की ५१.२. गेम मधेच अडखळण्याचं प्रमाण त्याने बरंच कमी होतं. एच६१० वर सहसा दोनच स्लॉट असतात, त्यामुळे पुढे ३२ जीबी करताना या काड्या विकाव्या लागतील. तरीही आजच्या गेमसाठी मी दोनच घेईन.

एसएसडी (कोटेशनमधली ‘५१२ जीबी एनव्हीएमई’) नावाजलेल्या कंपनीची हवी, बस्स. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ साठी ५१२ पुरेल. मोठे नवे गेम एकेक १०० जीबीच्या वर जातात, तेव्हा १ टीबी परवडलं तर बरं, नाहीतर नंतर सॅटा एसएसडी वाढवता येते. मॉनिटरच्या ओळीत ‘गेमिंग’ या शब्दाला काही अर्थ नाही. आयपीएस पॅनेल (स्क्रीनचा प्रकार), १०८०पी आणि रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं, हर्ट्झमध्ये) किती, हे तीन शब्द लिहून हवेत. ७५ हर्ट्झवर समाधान मानू नका. व्हॅलोरंट हलका गेम आहे, या मशीनवर तो १४४ फ्रेमच्या पुढे आरामात जाईल. ते फ्रेम दिसायला मॉनिटरही तसाच लागतो.

खरेदी कुठे करावी? ठाण्यातल्या दुकानाला पहिली संधी द्या. बिघाड झाला तर कळव्याहून पाच मिनिटांत जाता येतं, याची किंमत मोठी आहे. पण भाव पडताळायला एकदा मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन या. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो पकडा (फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही), स्टेशनच्या पूर्वेला चालत गेलं की बाजार सुरू. रविवार टाळा. प्रोसेसर, कार्ड, रॅम, एसएसडी एका सॅकमध्ये मावतात, ते तिथून आणता येतात. कॅबिनेट आणि मॉनिटर मात्र ठाण्यातच घ्या, ती खोकी घेऊन संध्याकाळच्या कळवा लोकलमध्ये शिरणं शक्य नाही. कुठेही घ्या, पक्कं बिल घ्या. ‘जीएसटी नको असेल तर १८ टक्के सोडतो’ असं कुणी म्हणालं तर त्या १८ टक्क्यांबरोबर तीन वर्षांची वॉरंटीही सुटते. बिलावर प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर उतरवून घ्या.

जाहिरातीत ‘आय७ गेमिंग पीसी, २० हजार’ असं दिसेल, त्याकडे फिरकूही नका. ते दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय७ असतात. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढचे इंटेल प्रोसेसर लागतात, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयींशिवाय सुरूच होत नाही. तुमच्या नव्या मशीनवरही दुकानदाराला हे दोन्ही बायोसमधून (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधून) चालू करून द्यायला सांगा.

मशीन तयार झालं की दुकानात उभं राहूनच या गोष्टी बघा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की वेग दिसतो. तिथे ३२०० ऐवजी २१३३ किंवा २६६६ दिसलं तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू केलेलं नाही. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर कार्डाची मेमरी आणि कोअर दाखवतं, ६ की ८ तिथेच कळेल. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी किती तास चाललेली आहे ते दिसतं, नवी असेल तर आकडा अगदी किरकोळ हवा. घरी आल्यावर मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावा, बोर्डाच्या नाही, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट स्वतः वाढवा. तो पुष्कळदा ६० वरच राहिलेला असतो आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

कळव्याच्या जुन्या इमारतींत प्लगचं अर्थिंग बऱ्याचदा नावापुरतंच असतं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या आल्या तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग गेम. यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएवाला साधारण ३६० वॉटच देतो, मॉनिटरसकट तो काठावर येतो. १००० व्हीएचा घ्या, दोन महिन्यांनी घेतला तरी चालेल. खाडीची दमट हवा आहे, तेव्हा पावसाळ्यात मशीन खिडकीखाली ठेवू नका आणि सुट्टीतही अधूनमधून चालू करत राहा.

सगळं नीट लिहून घेतल्यावर बेरीज ६० च्या वर गेली, तर आधी आरजीबी पंखे आणि काचेचं कॅबिनेट काढा. समोर जाळी असलेलं साधं कॅबिनेट हवा जास्त चांगली खेळवतं. वेगळा कूलर यादीत असेल तर तोही काढा, १२४०० बरोबर डब्यात येतो तो पुरतो. मग १ टीबीचा विचार केला असेल तर ५१२ वर या. तरीही भागत नसेल तर मॉनिटर १४४ ऐवजी १०० हर्ट्झचा घ्या. एसएमपीएस आणि कार्डाला हात लावू नका. पूर्ण मॉडेल नंबर असलेलं कोटेशन मिळालं की खाली टाका, ओळ न ओळ बघून सांगतो.