किनेस्कोप, टेप आणि ‘ओरिजिनल एचडी’चा बाजार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

अमेरिकन टीव्हीच्या पहिल्या काळातल्या लाइव्ह नाटकांवर मी दोन लेख लिहिले आणि पत्रं यायला लागली. साधारण १९४७ ते १९६० हा तो काळ. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवे नट, सगळं थेट स्टुडिओतून आणि मधूनच एखादी खर्चिक संगीतिका. पत्रं खूप आहेत, पण घोळ एकच आहे : आज आपल्याला त्यातलं जे दिसतं, ते नेमकं काय आहे? एकेकाला लिहीत बसण्यापेक्षा इथेच उत्तरं देते.

प्रश्न : सगळं थेट होतं म्हणता, मग रेकॉर्डिंग कुठून आलं? की ‘लाइव्ह’ ही नुसती जाहिरात? (नाशिक)

लाइव्ह म्हणजे लाइव्हच. नाट्यगृहात पडदा वर गेल्यावर जसं परतीचं दार बंद होतं, तसंच. ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’ मे १९४७मध्ये एनबीसी या नेटवर्कवर सुरू झालं. लेखक रॉड सर्लिंग यांचं ‘पॅटर्न्स’ १२ जानेवारी १९५५ला तिथे झालं आणि इतकं गाजलं, की ते पुन्हा दाखवायचं ठरलं. त्यासाठी सगळ्या नटांना परत बोलावलं आणि ९ फेब्रुवारीला अख्खं नाटक पुन्हा केलं, तेही लाइव्ह.

रेकॉर्डिंगची गरज वेगळ्याच कारणाने पडली. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा. १९५१च्या सप्टेंबरपर्यंत तर टीव्हीचं चित्र एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर नेणारी जोडणीच नव्हती. म्हणून स्टुडिओत एका टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा ठेवून चालू प्रक्षेपणाचं चित्रण करायचे, बहुतेक वेळा १६ मिमी फिल्मवर. यालाच किनेस्कोप म्हणतात. आधी या फिल्मचे डबे पश्चिमेला पाठवले जात. जोडणी आल्यावर कार्यक्रम तिकडेच फिल्मवर उतरवून, घाईने धुऊन, तीन तासांत दाखवला जाई.

तेव्हा तुम्ही बघता ते नाटकाचं चित्रीकरण नव्हे, नाटक दाखवणाऱ्या पडद्याचं चित्रीकरण आहे. टीव्हीची सेकंदाला ३० चित्रं, फिल्मची २४; हा मेळ घालतानाच बरंच काही निसटतं. चेहरे पिठूळ दिसतात, कडा वाकतात. त्याचा दोष दिग्दर्शकाला देऊ नका.

प्रश्न : १९५७च्या ‘सिंड्रेला’ची ‘ओरिजिनल कलर एचडी’ प्रत एक विक्रेता ऑनलाइन देतोय. घेऊ का? (ठाणे)

नका घेऊ.

रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांची ही संगीतिका सीबीएसने ३१ मार्च १९५७ला दाखवली. ज्युली अँड्रयूज तेव्हा ब्रॉडवेवर ‘माय फेअर लेडी’ करत होत्या. सीबीएसच्या अंदाजाने १० कोटी ७० लाख लोकांनी ती बघितली. प्रक्षेपण रंगीत होतं हे खरं आणि विक्रेते नेमकं याच अर्धसत्यावर दुकान चालवतात. टिकला तो कृष्णधवल किनेस्कोप. त्यावर संगणकाने चढवलेला रंग हा रंगवणाऱ्याचा अंदाज असतो. सिंड्रेलाच्या झग्याचा त्या रात्रीचा रंग त्या फिल्ममध्ये नाहीच. ‘एचडी’चंही तसंच. पडद्याच्या धूसर फोटोत ठिपके वाढवले म्हणून नवा तपशील येत नाही. काही विक्रेते तर १९६५ची नवी आवृत्ती १९५७ची म्हणून खपवतात. त्यात लेस्ली अ‍ॅन वॉरन आहेत, ज्युली अँड्रयूज नाहीत. निदान चेहरा तरी बघून घ्या.

खरी रंगीत टेप हवी असेल, तर १७ ऑक्टोबर १९५८चा फ्रेड अस्टेअर यांचा नृत्याचा कार्यक्रम बघा. तो रंगीत व्हिडिओटेपवर मुद्रित झाला आणि १९८८मध्ये यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या मंडळींनी ती जुनी टेप पुन्हा चालती केली. तो रंग मूळचा आहे.

प्रश्न : रंगीत दिसणारा मेरी मार्टिन यांचा ‘पीटर पॅन’ १९५५चाच ना? (सांगली)

नाही. तो डिसेंबर १९६०चा, टेपवरचा. मार्च १९५५ आणि जानेवारी १९५६चे दोन लाइव्ह प्रयोग कृष्णधवल किनेस्कोपवर आहेत.

प्रश्न : लाइव्ह नाटक चालू असताना एक नट मेला आणि बाकीच्यांनी नाटक पुरं केलं, हे अमेरिकेत कुठल्या वाहिनीवर घडलं? (डोंबिवली)

अमेरिकेत नाही, ब्रिटनमध्ये. नोव्हेंबर १९५८, मालिका ‘आर्मचेअर थिएटर’, नाटक ‘अंडरग्राउंड’, नट गॅरेथ जोन्स. दोन प्रवेशांच्या मधे ते कोसळले आणि बाकीच्यांनी त्यांची वाक्यं आपापसांत वाटून घेत नाटक शेवटाला नेलं. निर्मिती करणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं नावही एबीसी असल्यामुळे ही गोष्ट अमेरिकन एबीसीच्या नावावर खपते. पुढे पाठवण्याआधी देश तरी तपासत जा.

प्रश्न : जाहिरातीत बेटी फर्नेस यांना फ्रीजचं दार उघडताच आलं नाही, हे खरं का? (पुणे)

फर्नेस म्हणजे ‘स्टुडिओ वन’च्या मधल्या जाहिराती करणाऱ्या अभिनेत्री. दार अडकलं हे खरं. पण समोर उभ्या होत्या त्या बदलीवर आलेल्या जून ग्रॅहम.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत जुनं घर घेतलं. तळघरात १६ मिमी फिल्मचे अकरा डबे सापडले. तिघांवर ‘स्टुडिओ वन’ लिहिलंय. डबे उघडले की आंबूस वास येतो. फिल्म पेट घेईल का? मुलगा उन्हाळ्यात प्रोजेक्टर आणणार आहे, तोपर्यंत डबे होते तिथेच ठेवले आहेत. (एडिसन, न्यू जर्सी)

ताई, पेट घेण्याची भीती सोडा. ती नायट्रेट या जुन्या, ज्वालाग्राही फिल्मची गोष्ट. तुमची १६ मिमी फिल्म बहुधा अ‍ॅसिटेटची आहे. पण उन्हाळ्यापर्यंत थांबायचा बेत आजच्या आज रद्द करा आणि प्रोजेक्टर तर घरात आणूच नका.

तो आंबूस वास व्हिनेगरचा आहे. ओल आणि उष्णता लागली की अ‍ॅसिटेट फिल्म विघटित होते आणि त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं. ते आम्ल डब्यातच कोंडून उरलेल्या फिल्मचं विघटन आणखी वेगाने घडवतं. म्हणजे बिघाड सुरुवातीला रांगतो आणि एका टप्प्यानंतर धावतो. फिल्म आखडते, वाकते, ठिसूळ होते. अशी आखडलेली फिल्म प्रोजेक्टरवर चढवली की तिच्या कडेची भोकं प्रोजेक्टरच्या चाकाच्या दात्यांशी जुळत नाहीत आणि पहिल्या मिनिटातच ती फाटत जाते. ‘एकदा बघून तर घेऊ काय आहे’ या एका वाक्यापायी किती रिळं गेली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मी एक उदाहरण जवळून पाहिलंय, कुटुंबाचं नाव सांगणार नाही. वडिलांच्या पश्चात सात डबे. भावंडांचा वाद : विकायचे, दान द्यायचे, की ठेवायचे. चार वर्षं पत्रापत्री. शेवटी डबे आमच्या टेबलावर आले, तेव्हा दोन डब्यांतली फिल्म एकसंध गोळा झाली होती. उलगडायला टोकच मिळेना. वाद मात्र तोवर मिटला होता.

आता करायचं काय? डबे तळघरातून वर आणा, घरातल्या सगळ्यांत थंड आणि कोरड्या खोलीत आडवे ठेवा. वास येणारे वेगळे, न येणारे वेगळे. आम्लाची वाफ चांगल्या फिल्मलाही लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका. डब्यांवरच्या चिठ्ठ्या, तारखा, आकडे, सगळ्याचे फोटो काढा. चिठ्ठी सोलू नका. फिल्म उलगडू नका, पुसू नका. कापूर, डांबरगोळ्या, ऊन दाखवणं, यातलं काहीही नको. आम्ल किती झालंय हे दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात : निळी पट्टी हिरवी होत पिवळी पडते. पिवळी झाली, तर दिवस मोजायला लागा.

आणि याच आठवड्यात यूसीएलएचं चित्रपट-टीव्ही संग्रहालय, न्यूयॉर्कचं पेली सेंटर (टीव्ही-रेडिओचा संग्रह) किंवा लायब्ररी ऑफ काँग्रेसचा दृकश्राव्य विभाग, यांपैकी एकाला फोटोंसह लिहा. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी देईल. तो चुकीचा नाही, पण बांधायची पद्धत त्यांच्याकडूनच शिका, नाहीतर दवाने वाट लागेल. ‘फुटावर पैसे घेऊन डिजिटल करून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला एवढंच विचारा, ‘आखडलेली फिल्म दात्यांशिवाय स्कॅन करता का?’ तो घुटमळला, तर डबे उचला आणि घरी या.

मी इतकं तावातावाने का बोलतेय? तुमचे तीन डबे कदाचित सर्वत्र मिळणाऱ्या भागांचे निघतील, कदाचित नाही. रेजिनाल्ड रोझ यांचं ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ मुळात ‘स्टुडिओ वन’ या सीबीएसच्या नाट्यमालिकेतलंच, २० सप्टेंबर १९५४चं. आपल्याकडे ‘एक रुका हुआ फैसला’मुळे ती गोष्ट घराघरांत माहीत आहे. त्या मूळ प्रक्षेपणाचा पूर्ण किनेस्कोप हाताशी नव्हता. अभ्यासकांकडे होता तो पहिला भाग. पूर्ण प्रत २००३ साली मिळाली, न्यूयॉर्कचे नामांकित फौजदारी वकील सॅम्युएल लिबोविट्झ यांच्या घरच्या संग्रहात. नेटवर्ककडे नाही, एका वकिलाच्या घरात!

उलट बाजूही ऐका. ड्यूमाँट हे तेव्हाचं चौथं नेटवर्क. त्याच्या किनेस्कोपचं काय झालं, याबद्दल अभिनेत्री इडी अ‍ॅडम्स यांनी १९९६मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसपुढे साक्ष दिली : सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, साठवणीची जबाबदारी कुणी घ्यायची यावर वाटाघाटी चालू असताना, ते तीन ट्रकांत भरून न्यूयॉर्कच्या खाडीत बुडवले गेले. ही एका व्यक्तीची साक्ष आहे, हे ध्यानात ठेवा. पण ड्यूमाँटचे फार थोडे कार्यक्रम उरले, याबद्दल दुमत नाही.

तेव्हा ताई, मुलाला फोन करून प्रोजेक्टर राहू दे म्हणा.

प्रश्न : प्रायोजक खरंच संवाद बदलायला लावत? (कोल्हापूर)

संवाद काय, माणसंसुद्धा. रोझ यांच्याच ‘थंडर ऑन सिकामोर स्ट्रीट’मध्ये गोऱ्या वस्तीत राहायला येणारं कुटुंब मुळात कृष्णवर्णीय होतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडची टीव्ही केंद्रं बिथरतील या भीतीने त्या कुटुंबातला माणूस तुरुंगातून सुटलेला कैदी झाला. रोझ वस्ताद, त्यांनी त्याचं बिंग लवकर फोडलंच नाही, म्हणून ज्याला जे ओळखायचं ते त्याने ओळखलं.

सगळ्यांत लाजिरवाणी घटना एप्रिल १९५९ची. ‘प्लेहाउस ९०’ या नाट्यमालिकेने ‘जजमेंट अ‍ॅट न्यूरेंबर्ग’ सादर केलं. विषय नाझींच्या अत्याचारांचा खटला आणि प्रायोजकांत अमेरिकन गॅस असोसिएशन! ‘गॅस चेंबर’ हे शब्द आले की आवाज बंद. ओठ हलतात, ऐकू काही येत नाही. ‘काळाचा महिमा’ म्हणून सोडून देणारे मला भेटतात. मी नाही सोडत.

पण पैसाही त्यांचाच होता, हेही खरं. क्राफ्टने चीज विकायला वर्षानुवर्षं दर आठवड्याला नाटक पोसलं. मार्च १९५६मध्ये त्याच क्राफ्टच्या खर्चाने स्टुडिओत टायटॅनिक बुडाली : १०७ नट, ३१ सेट, ७ कॅमेरे, लाइव्ह.

प्रश्न : ‘मार्टी’चं मराठी रूपांतर करायचंय. हक्कांचं नूतनीकरण झालं नसल्याने ते मोफत आहे असं ग्रुपवर कळलं. बरोबर ना? (मुंबई, हौशी नाट्यसंस्था)

‘मार्टी’ म्हणजे पॅडी चायेफ्स्की यांचं टीव्हीनाटक. ग्रुपवर कळलेलं कोर्टात चालत नाही. अमेरिकेत १९६४पूर्वी प्रकाशित कृतींचे हक्क २८ वर्षांनी नवे करावे लागत, हा नियम खरा. पण टीव्हीवरचं प्रक्षेपण म्हणजे प्रकाशन नव्हे आणि किनेस्कोपचा हक्क वेगळा, संहितेचा वेगळा. चायेफ्स्की यांची टीव्हीनाटकं पुस्तकरूपानेही आली आहेत. शिवाय मे १९५३चं टीव्हीनाटक आणि ऑस्कर मिळवणारा १९५५चा चित्रपट, या दोन स्वतंत्र कृती. चित्रपटातला एखादा प्रवेश नकळत उचललात, तर दुसऱ्याच मालकाशी गाठ पडेल. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात आणि चायेफ्स्की वारले १९८१मध्ये. अमेरिकेतली स्थिती इथे कितपत लागू होते, हे कॉपीराइटच्या वकिलाला विचारा, तालमी सुरू व्हायच्या आधी. हॉलचं भाडं भरून झाल्यावर येणारी पत्रं मी वाचत नाही.

प्रश्न : मग ही नाटकं का संपली? (सातारा)

फिल्मवर काढलेली मालिका पुन्हा पुन्हा दाखवून पैसे मिळत, लाइव्ह नाटक एका रात्रीत संपे. त्यातच १९५६मध्ये व्हिडिओटेप आली. ‘क्राफ्ट’ आणि ‘स्टुडिओ वन’ दोन्ही १९५८ला बंद पडली.

प्रश्न : खात्रीशीर प्रती बघायला कुठे मिळतील? (बंगळुरू)

‘मार्टी’, ‘पॅटर्न्स’, ‘रेक्विएम फॉर अ हेवीवेट’, ‘द कॉमेडियन’ धरून आठ नाटकांचा डीव्हीडी संच क्रायटेरियन या कंपनीने २००९मध्ये काढला. सुरुवात तिथून करा. त्यापुढचं बघायचं, तर पेली सेंटर आणि यूसीएलए. पण त्यांच्या यादीत नाव आहे म्हणजे प्रत बघायला मिळेलच असं नाही. काही रिळं फक्त जपण्यापुरती असतात, काहींना आठवडे आधी कळवावं लागतं. आधी त्यांना लिहा, उत्तर हातात येऊ द्या, मग विमानाचं तिकीट काढा.