शीटमधल्या दुबार नोंदी सूत्राने कशा शोधायच्या?

तुमची अडचण मला समजली ती अशी: साधारण दोन हजार जणांची यादी आहे, ए कॉलममध्ये नाव, बी मध्ये फोन, सी मध्ये जन्मतारीख. यादी बऱ्याच जणांनी मिळून भरली, त्यामुळे काही माणसं दोनदा आली आहेत, आणि ती तुम्हाला 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' न वापरता सूत्राने शोधायची आहेत. ते बटण टाळताय हे माझ्या मते अगदी योग्य आहे. ते पहिली ओळ ठेवतं, पुढच्या काढून टाकतं आणि शेवटी फक्त आकडा सांगतं. कुठल्या ओळी गेल्या हे कळत नाही. पहिल्या ओळीतला पत्ता जुना आणि दुसऱ्या ओळीतला नवा असेल, तर नवाच गेलेला असतो.

एक सूचना आधीच देतो. खाली सूत्रं देवनागरीत लिहिली आहेत. शीटमध्ये टाकताना फंक्शनची नावं, कॉलमची अक्षरं आणि आकडे सगळं इंग्रजीत टाइप करा. तुमच्या शीटमध्ये स्वल्पविराम चालत नसेल तर त्याच्या जागी अर्धविराम द्या, काही भाषांच्या सेटिंगमध्ये तसंच लागतं.

मूळ सूत्र एका ओळीचं आहे:

=काउंटइफ($ए$२:$ए$२००१,ए२)

हे नाव यादीत किती वेळा आलंय ते कळतं. उत्तर १ पेक्षा जास्त आलं की नोंद दुबार. डॉलरची चिन्हं विसरू नका, नाहीतर सूत्र खाली ओढताना यादीची सुरुवातही खाली सरकत जाते आणि वरच्या ओळी मोजणीतून सुटतात. पण हेच सरकणं मुद्दाम वापरताही येतं. शेवटच्या टोकाचे डॉलर काढून तिथे नुसतं ए२ लिहा:

=काउंटइफ($ए$२:ए२,ए२)

आता प्रत्येक ओळ फक्त स्वतःपर्यंतच मोजते. पहिल्यांदा आलेल्या नोंदीला १, दुसऱ्यांदा आलेल्या नोंदीला २. 'पहिली कुठली आणि नंतरची कुठली' हे वेगळं पाहायचं असेल तेव्हा हे कामाला येतं.

इथपर्यंत कुठेही वाचायला मिळेल. खरा विचार करायचा तो याच्या आधी: तुमच्या यादीत 'एकच नोंद' कशाला म्हणायचं? नुसतं नाव पुरत नाही, एकाच नावाची दोन माणसं असतात. नुसता फोनही पुरत नाही, घरातल्या सगळ्यांसाठी एकच नंबर दिलेला असतो. फोन आणि जन्मतारीख दोन्ही जुळलं तरी ती जुळी भावंडं असू शकतात. म्हणून माझा आग्रह असतो की तिन्ही गोष्टी जोडून एक ओळखीचा कॉलम बनवावा आणि मोजणी त्यावर करावी.

काउंटइफ्स वापरून तिन्ही कॉलम थेटही तपासता येतात, पण त्यात एक खाच आहे. एखाद्याचा फोनचा सेल रिकामा असेल, तर अट म्हणून दिलेला रिकामा सेल शून्य धरला जातो, रिकाम्याशी जुळत नाही. म्हणजे फोन नसलेला माणूस दहा वेळा आला तरी सूत्राचं उत्तर ० येईल आणि तो तुमच्या नजरेतून सुटेल. जोडलेल्या कॉलममध्ये हा प्रश्न येत नाही.

जोडण्याआधी साफसफाई. डी कॉलममध्ये साफ नाव:

=ट्रिम(सब्स्टिट्यूट(ए२,युनिचार(१६०)," "))

ट्रिम नावाच्या पुढेमागे राहिलेल्या आणि मध्ये दोनदा पडलेल्या स्पेस काढतं. पण वेब पेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात एक वेगळी, न तुटणारी स्पेस येते. तिचा क्रमांक १६० (युनिचार हे फंक्शन क्रमांकावरून अक्षर देतं), दिसायला तशीच, आणि ट्रिम तिला हात लावत नाही. म्हणून आधी ती बदलून घ्यायची.

ई कॉलममध्ये साफ फोन. नंबर १० अंकी असतील असं धरून:

=राइट(सब्स्टिट्यूट(सब्स्टिट्यूट(बी२," ",""),"-",""),१०)

यामुळे मधली स्पेस, डॅश, पुढचा शून्य किंवा देशाचा कोड यांचा फरक राहत नाही. काही नंबर देवनागरी अंकांत असतील तर ते आधी फाइंड-रिप्लेसने एकाच प्रकारच्या अंकांत आणा.

सी मधली जन्मतारीख खरोखर तारीख आहे की तारखेसारखा दिसणारा मजकूर, हे =इजनंबर(सी२) ने पाहा. फॉल्स आलं तर तो मजकूर आहे, ती तारीख पुन्हा नीट भरा.

मग एफ कॉलममध्ये:

=डी२&"|"&ई२&"|"&सी२

मधली उभी रेघ काढू नका. तिच्याशिवाय '१२' ला जोडलेले '३' आणि '१' ला जोडलेले '२३' सारखेच दिसतात. तारखेच्या जागी एखादा मोठा आकडा दिसेल, तो बरोबर आहे. शीट तारीख आत आकड्यातच ठेवते. आता जी कॉलममध्ये:

=काउंटइफ($एफ$२:$एफ$२००१,एफ२)

मराठी नावं असतील तर अजून एका ठिकाणी काळजी घ्या, याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. 'बोऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्ता असलेला ऱ, हलंत, मग ह. दुसऱ्यावर साधा र, हलंत, एक न दिसणारं जोडचिन्ह, मग ह. स्क्रीनवर दोन्ही आडनावं सारखीच उमटतात. पण =लेन() लावून बघा: पहिल्याची लांबी ८ येते, दुसऱ्याची ९. अशी दोन नावं सूत्र एकच मानेल यावर विसंबू नका. साफ केलेल्या नावावर आणखी एक बदल चढवा:

=सब्स्टिट्यूट(डी२,युनिचार(२३५२)&युनिचार(२३८१)&युनिचार(८२०५),युनिचार(२३५३)&युनिचार(२३८१))

नुसतं न दिसणारं चिन्ह काढून टाकलंत तर चालणार नाही. तसं केलं की र आणि ह मिळून रफार तयार होतो आणि आडनावच बदलतं. म्हणून तिन्ही चिन्हं एकदम पकडून त्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलंत ठेवायचा. हे सूत्र वेगळ्या कॉलममध्ये ठेवलंत तर एफ मध्ये डी२ ऐवजी तो सेल घ्या.

ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मात्र कुठलंच साधं सूत्र पकडत नाही. 'सुनिता' आणि 'सुनीता' त्याच्यासाठी वेगळ्याच. अशांसाठी एक सैल चाचणी शेजारी ठेवा, जिच्यात नावच नाही:

=काउंटइफ्स($ई$२:$ई$२००१,ई२,$सी$२:$सी$२००१,सी२)

फोन आणि जन्मतारीख सारखी पण जी कॉलममध्ये १, अशा ओळी वेगळ्या काढून डोळ्यांनी तपासा. त्यात जुळी भावंडंही येतील आणि चुकीच्या वेलांटीची नावंही, आणि कोण कोण आहे हे माणसालाच ठरवता येतं. फोन नसलेल्या ओळी या चाचणीतून बाजूला ठेवा, त्या उगाच एकमेकींशी जुळतात.

काउंटइफच्या काही सवयी माहीत असाव्यात. ते लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक करत नाही. मजकुरात तारा (*) किंवा प्रश्नचिन्ह असेल तर त्याला 'काहीही चालेल' असं समजतं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट: एक्सेल आकड्यांचे पहिले १५ अंकच धरतं. १६ अंकी ओळख क्रमांक मजकूर म्हणून नीट ठेवले असले तरी काउंटइफ तुलना करताना त्यांचा आकडा करून घेतं. १२३४५६७८९०१२३४५१ आणि १२३४५६७८९०१२३४५७ हे दोन वेगळे क्रमांक ते दुबार म्हणून दाखवेल. असे लांब क्रमांक ए कॉलममध्ये असतील आणि नुसतेच तपासायचे असतील तर हे वापरा:

=सम्प्रॉडक्ट(--($ए$२:$ए$२००१=ए२))

हे मजकुराची मजकुराशी तुलना करतं. वरच्या जोडलेल्या कॉलममध्ये उभी रेघ असल्यामुळे तिथे ही भीती नाही.

रंग द्यायचे असतील तर ए२ पासून सी२००१ पर्यंत निवडा, कंडिशनल फॉर्मॅटिंगमध्ये सूत्राचा नियम घ्या आणि =$जी२>१ लिहा. नव्या एक्सेलमध्ये आणि गुगल शीट्समध्ये दुबार ओळींची वेगळी यादीही एका सूत्रात मिळते: =फिल्टर(ए२:सी२००१,जी२:जी२००१>१).

दोन हजार ओळींना हे सगळं चटकन होतं. पन्नास हजार ओळी असत्या तर प्रत्येक ओळ पन्नास हजारांशी ताडायची, म्हणजे २५० कोटी तुलना, आणि शीट अडकून बसली असती. तेव्हा एफ कॉलममधली सूत्रं काढून फक्त उत्तरं ठेवावीत, त्यावर सॉर्ट करावं आणि =एफ३=एफ२ एवढंच विचारावं. सारख्या नोंदी शेजारी येतात, त्यामुळे फक्त वरच्या ओळीशी तुलना पुरते.

काढायला बसाल तेव्हा मूळ शीटची एक प्रत बाजूला ठेवा. मदतीचे सगळे कॉलम कॉपी करून तिथेच 'पेस्ट व्हॅल्यूज' करा, म्हणजे सूत्र जाऊन फक्त उत्तर राहतं, कारण सूत्रं जिवंत असतील तर एक ओळ काढली की तिच्या जोडीदाराचा २ लगेच १ होतो आणि तो फिल्टरमधून निसटतो. मग जी कॉलममध्ये १ पेक्षा मोठे आकडे फिल्टर करा, एफ वर सॉर्ट करा, आणि प्रत्येक जोडीत जी माहिती एका ओळीत आहे आणि दुसरीत नाही ती आधी एकत्र करून मगच दुसरी ओळ काढा.